गोणपाटाखालचा बेडूक

पाणथळीच्या कडेला एक चटईवाला राहतो. बायको वारली, लेकानं लांब संसार थाटला, तेव्हापासून त्याच्या घरात बोलणारं म्हणाल तर दाराचं बिजागर. गडी कामाचा मात्र पक्का. लव्हाळं कापायचं, सुकवायचं, विणायच्या आधी गोणपाटाखाली ओलावून मऊ करायचं. ओल कमी पडली तर काडी मोडते, जास्त झाली तर बुरशी धरते.

एका सकाळी त्यानं गोणपाटावर पाणी शिंपडलं आणि आतून टिकटिक आली. उचलून बघतो तर बोटाच्या पेराएवढा हिरवा बेडूक. झाडाझुडपांवर राहणारी जात. नव्या भाऱ्यातून उतरून ओलीला बसलेला.

"काय पाहुणे, मुक्काम का?"

पाहुणा गप्प. पुन्हा शिंपडलं, की बोलला.

मग काय, नादच लागला. जेवताना शिंपड, उठता-बसता शिंपड. लव्हाळं कुजलं, चटया काळ्या पडल्या. दुकानदारानं सगळा माल परत धाडला, वर निरोप: पुन्हा असं आलं तर दुसरा विणणारा बघतो.

थोरली बहीण भेटायला आली ती नाक दाबूनच.

"घर आहे का विहीर?"

"ओल जरा जास्त झाली, ताई."

"जरा? घटकाभर बसले तर मला शेवाळ धरेल."

तेवढ्यात बेडूक ओरडला. तिनं गोणपाटाकडे पाहिलं, मग भावाकडे.

"ह्याच्यापायी धंदा बुडवतोयस? अरे, तो तुला हाका मारत नाही. बायको शोधतोय."

"इथं कुठली मिळायला."

"मग? दोघं मिळून वाट बघत बसणार?"

ऊन उतरल्यावर तो ओल्या फडक्यात बेडूक घेऊन पाण्यात शिरला, लव्हाळ्याच्या पात्यावर ठेवला. बेडकानं उडी मारली आणि हिरव्यात हिरवा झाला. थोड्या वेळानं चहूबाजूंनी टिकटिक उठली. गुडघाभर चिखलात उभा राहून तो कान देऊन ऐकत राहिला. आपला कोणता, काही कळेना.

"सोडलास?" तो घरी परतल्यावर बहिणीनं विचारलं.

"सोडला."

त्यानं दारंखिडक्या सताड उघडल्या, गोणपाट वाळत घातलं.

आता चटया पिवळ्याधमक उतरतात, दुकानदाराची तक्रार नाही. तो बेतानंच पाणी शिंपडतो. शिंपडून झालं की हात मांडीवर ठेवून थोडा थांबतो, आणि मग विणायला घेतो.