वाघाच्या आवाजाची गाडी आणि कोबी

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. पेणहून गणपती घेऊन रोह्याला निघालो, तर एष्टीत पाय ठेवायला जागा नाय. एका अनोळखी माणसाने गाडी थांबवली. "बसा, काका." फुकट बसणं माझ्या स्वभावात नाय, पण देवाला उभं कसं ठेवणार? गाडी बुटकी, आवाज वाघाचा. मागे पोरांची दप्तरं आणि कोबीची पिशवी.

माझ्या मांडीवर गणपती, म्हणून तो बैलगाडीसारखी हाकायला लागला. खड्डा आला की स्वतःच श्वास धरायचा. तेवढ्यात दुधाचा टेम्पो पुढे गेला. ते मला सहन होईना.

"आवाज एवढा, आनि टेम्पोला हरतोस?"

"सोंड मोडली तर, काका?"

"देव माझा हाय, मी धरतो. दाब!"

मोकळा रस्ता बघून त्याने एकदाच दाबलं. माझी टोपी कोबीवर गेली. मी देवाला कवटाळून देवाचाच धावा केला. सोंड शाबूत राहिली.

गाडी हळू करून तो स्टिअरिंग थोपटत म्हणाला, "रोज दप्तरं नि भाजी वाहते बिचारी. कधीतरी तिलाबी पळू द्यायला पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप्पा बसवले आणि चाळीस वर्षं दळण वाहिलेली माझी सायकल काढली. रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावाच्या पुलाच्या उतारावर दोन्ही पाय पेडलवरून उचलले.