मोठीबाई खाली उभी राहायची

मोठीबाईच्या मी चोवीस-पंचवीस वर्षं पाया पडले. दसऱ्याला, संक्रांतीला, माहेरी जाताना, माहेरून आल्यावर. ती माझी मोठी जाऊ. ती आजारी पडली त्या पावसाळ्यात मला कळलं की ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहे. ऐकलं तेव्हा हातातली परात खाली पडली. अजूनही तांदूळ निवडताना एकदम आठवतं आणि हात थांबतो.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी पवनीकडच्या या गावात आले. माझं लग्न उशिरा झालं, बावीस वर्षांची होते. सासू आधीच वारली होती. दारात ओवाळायला मोठीबाई उभी होती. अंगानं थोराड, डोक्यावरून पदर, तोंडावर हसू नाही. पाठराखीण म्हणून आलेली मावशी कानात म्हणाली, "आता ह्याच तुह्या सासूच्या जागी." मी वाकले. मोठीबाई एकदा मागे वळली, मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, आत कोणाला काही सांगायचं असेल.

तेव्हापासून ती मला 'लहानी' म्हणायची आणि मी तिला 'मोठीबाई, तुमी'. तिनं कधी कोणाला काही विचारलं नाही. रोपांसाठी धानाचं पऱ्हं कधी टाकायचं, पाहुण्यांना काय शिजवायचं, आजाऱ्याला कधी दवाखान्यात न्यायचं, ती सांगायची आणि सगळे ऐकायचे. तिचा एक शब्द होता, "मी आहो ना." तो ऐकला की मी निर्धास्त व्हायचे.

माझं पहिलं बाळंतपण धान रोवण्याच्या दिवसांत झालं. माणसं शेतात, बांधीत, बाहेर चिखल, आणि दाई वेळेवर येईना. मोठीबाईनं पदर खोचला. "मी आहो ना. भेवाचं काई काम नाही. तू कळ दे." दाई आली तेव्हा पोरगा रडत होता. मोठीबाई उठून घरामागे गेली. ओकण्याचा आवाज आला. मी पडल्या पडल्या म्हटलं, काही शिळं खाल्लं असेल. तिला तोवर स्वतःचं लेकरू नव्हतं. तिनं त्याआधी कोणाचं बाळंतपण पाहिलंही नव्हतं. अठरा वर्षांची होती ती! हे आता मोजते आणि अंगावर काटा येतो.

गोड आलं की आपल्या वाट्याचं ती माझ्या ताटात टाकायची. म्हणायची, "मोठ्या माणसाले गोड पचत नाही." एकदा दुपारी मी घरात शिरले, तर ती धानाच्या ढोलीआड बसून गुळाचा खडा चोखत होती. गाल फुगलेला. मला पाहून खडा गालातच दाबून म्हणाली, "मुंग्या लागल्या का पाहून राहिली." मी खरं मानलं. मोठं माणूस खोटं कशाला बोलेल?

दिवाळीनंतर गावची मंडई भरायची. तमाशा, दुकानं, मुरमुरे आणि आकाशपाळणा. मुलगा झाला त्या वर्षी मी भीत भीत म्हटलं, "मोठीबाई, बसा ना तुमीबी."

"मी काय लहान लेकरू आहो का? तू बस. पोरगा दे माह्याजवळ. चपलाबी दे, वरून पडतीन."

मी वर गेले. खाली ती उभी होती. कडेवर माझा मुलगा, हातात माझ्या चपला. दर वर्षी तसंच. मी वर हसायचे, ती मान वर करून बघत राहायची. मला वाटायचं, मी पडेन म्हणून बघते.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, खाऊ-पिऊ घाला. दिघोरीहून तिची आई येऊन उशाशी बसली. मी परातीत तांदूळ निवडत बसले होते. म्हातारी लेकीच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "पंधराचीच होती जी माही पोर, या घरात देल्ली तवा. सांगाले सासूबी नोहोती." मोठीबाई माझ्याआधी दोनच वर्षं या घरात आली होती. परात तेव्हा पडली.

आई झोपल्यावर मी मोठीबाईच्या खाटेजवळ बसले. "मोठीबाई, तुमाले माहीत होतं? मी तुमच्याहून मोठी आहो म्हून?"

ती हसली. हसताना पोट दुखलं तर पोटावर हात धरून हसली. "पह्यल्याच दिवशी. लग्न जुळलं तवाच आयकलं होतं, पोरगी बावीसची आहे, कामाची आहे. मी म्हटलं, चला, आपल्याले सांगनारी कोनी येऊन राहिली. अन् तू तं आल्याबरोबर माह्याच पायावर वाकली! मी मांगं पाह्यलं, कोनी म्हातारी उभी आहे का म्हून. कोनीच नोहोतं. मंग काय करू? झाली मोठी."

"सांगतलं काहून नाही?"

"सांगून काय झालं असतं वो? तू आंधीच भेदरट. दोघी भेल्या असत्या तं चूल कोनं पेटवली असती?"

मला वाटायचं, मोठ्या माणसांना ठाऊक असतं. कसं वागायचं ते ती कुठूनतरी शिकून येतात. आणि इथं एका पोरीनं मागे वळून पाहिलं होतं, एवढंच.

त्या वर्षी मंडई भरली तेव्हा ती काठी टेकत आली. पाळण्याखाली थांबली. मी म्हटलं, "बसा."

"पागल झाली का? लोक काय म्हनतीन, मोठीबाई पाळन्यात!"

"मोठी मी आहो," मी म्हटलं. "मी सांगून राहिली. बसा."

इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा काही सांगितलं. तिनं चपला काढून माझ्या हातात दिल्या. माझ्या मुलानं तिला धरून बसवलं आणि शेजारी बसला. पाळणा वर गेला आणि वरून तिचा आवाज आला, "लहानी, जाजो नको वो कुठी!"

"मी आहो ना!" मी ओरडले. चार बायका वळून पाहू लागल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

खाली आली तरी तिनं पाळण्याची दांडी सोडली नाही. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आनखी एकडाव बसू का?"

तिनं मला विचारलं.

होळीच्या आधी ती गेली.

तिचं वर्षश्राद्ध झाल्यावर मुलाचं लग्न केलं. नवी सून दारात आली. ओवाळून झालं. मागून कोणीतरी म्हणालं, "पह्यले मोठ्याइच्या पाया पड वो पोरी." पोरगी पुढे आली, पदर सावरला आणि वाकली.

मी मागे वळून पाहिलं.