दुसऱ्याच्या विमानाला हात

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला मैदानावर सगळे ‘सावकाशबाई’ म्हणत, आणि हे नाव ठेवलं होतं तिच्या सख्ख्या मामानेच. बाई स्वभावाने सावकाश मुळीच नव्हती. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. कुणी यंत्रात स्वयंपाकाचं तेल ओतून आणलं, तर ती त्याला यंत्रासकट दुकानाबाहेर काढी.

सावकाश होतं ते तिचं विमान, आणि तेही मुद्दाम. खेळातलं, छोटंसं इंजिन लावलेलं, दोन लांब तारांनी बांधलेलं हातभर विमान. उडवणारा मधोमध तारांची मूठ धरून उभा, आणि विमान त्याच्याभोवती फिरत कसरती करणार. मूठ कलली की तार ओढली जाते, पंखातला बेलक्रँक नावाचा तिकोनी तुकडा फिरतो, तो एक दांडी ढकलतो आणि शेपटीची पाटी वरखाली होते. ही दांडी पाटीवरच्या उभ्या पट्टीत अडकवायची. त्या पट्टीला भोकं असतात. खालच्या भोकात दांडी घातली, तर मनगट जरा हललं तरी विमान उसळतं. वरच्या भोकात घातली, तर हात भरपूर हलवावा लागतो आणि विमान समजुतीने वळतं. रागात आपला हात झटका देतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मोठा बेलक्रँक, उंच पट्टी, सगळ्यात वरचं भोक. हे जमवण्यात तिचे दोन हिवाळे गेले होते.

मामाला ते बघवत नसे. वडील गेल्यावर तिच्या हातात मूठ देणारा तोच, आणि एके काळी मैदान गाजवलेलं, त्यामुळे त्याला कुणी काही सांगायची सोय नव्हती. वळण कसं सुरीने कापल्यासारखं हवं, असं त्याचं म्हणणं. विमान उडवतेस की म्हैस हाकतेस, असं तो चारचौघांत विचारी. लोक हसत. ती ऐकून घेई, कारण मामा होता.

त्या दिवशी संघातल्या उरलेल्या एकाच जागेसाठी निवड होती. मागच्या दोन्ही खेपांना ती थोडक्यात हुकली होती. विमान मामाच्या हाती देऊन ती परीक्षकांच्या टेबलाशी नंबराची चिठ्ठी उचलायला गेली, आणि मामाने पक्कड काढून दांडी सगळ्यात खालच्या भोकात घातली. सांगितलं नाही. निघण्यापूर्वी तिने पाटी वरखाली हलते एवढंच पाहिलं. किती हलते, हे पाहायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. स्वतःच्या मामाने धरलेलं विमान कोण तपासतं?

जमीन सोडताच विमान दचकलं. काय झालंय ते तिला तिथेच कळलं, आणि कुणी केलंय तेही. पण टाकी संपेपर्यंत उतरता येत नाही. गोल गिरकी तिने कशीबशी काढली. चौकोनी गिरकीच्या शेवटच्या कोपऱ्यात विमान हवं त्याहून जास्त वळलं, तिने सावरायला मनगट दाबलं, त्या मनगटात सगळा राग होता, आणि विमान नाकावर जमिनीत गेलं.

मामा धावत आला. म्हणाला, “तुझ्या भल्यासाठीच केलं गं. वळणं बघून परीक्षकांचे डोळे दिपले असते.”

“मला विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.”

तिचे कान तापले. हा माणूस हे कारण म्हणून सांगत होता, आणि त्याला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

दुसरी फेरी बाकी होती. मामा घाईघाईने स्वतःचं विमान घेऊन आला. हे उडव म्हणाला, जागा अजून गेली नाही. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते, हेही तिने पाहिलं. तिने पक्कड उचलली आणि सरळ विचारलं, “मामा, याची दांडी वरच्या भोकात घालू?”

मामाने झटकन विमान छातीशी ओढलं. “छे, त्याला हात लावू नकोस. सगळं माझ्या हाताला बसलंय ते.”

बोलून झाल्यावर त्याची नजर तिच्या मोडलेल्या विमानाकडे गेली.

“माझंही बसलं होतं,” ती म्हणाली. तिने पक्कड त्याच्या खिशात घातली, टेबलाशी जाऊन आपलं नाव काढायला सांगितलं, आणि मोडलेला पंख उचलायला मैदानात गेली. मामा मागोमाग आला, तेव्हा तिने त्याला एकही तुकडा उचलू दिला नाही.