पिण्याच्या पाण्याचा टँकर

ती सकाळ आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे येते. मी नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. पावण्याच्या औद्योगिक वसाहतीचा बराचसा भाग आमच्या हद्दीत यायचा. हजेरी आटोपून बंदोबस्त वाटत होतो, तेवढ्यात खाडीकाठच्या गावातले एक गृहस्थ केबिनमध्ये आले. घरची शेती सरकारी भूसंपादनात गेली होती. उरलेली मोकळी जागा ते गाड्या उभ्या करायला भाड्याने देत.

दार लोटून घेत म्हणाले, "साहेब, माजं नाव कुटं येऊ देऊ नका. एक टँकर माज्याच जागेत उभा रातो. वर लिवलंय पिन्याचं पानी, पन आत कंपनीचं घान पानी हाय. भरदिवसा खाडीत सोडतान."

"आज का सांगावंसं वाटलं?"

"माजी काकी खाडीत चिंबोऱ्या पकडाया उतरली व्हती. तिचं पाय भाजलं."

स्टेशन डायरीत नोंद केली, नाव टाळलं. साध्या वेशातली माणसं खाडीकडे लावली. दुसऱ्याच दिवशी दुपारी टँकर आला. ड्रायव्हर उतरला, गमबूट चढवले, हातमोजे घातले आणि मग व्हॉल्व्ह उघडला. तिथेच त्याला धरलं. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी बोलावून पंचांसमक्ष नमुने घेतले.

ठाण्यात ड्रायव्हर एकच वाक्य धरून बसला, "साहेब, पाणीच होतं."

"पिण्याचं पाणी सोडायला हातमोजे कशाला?"

खोटं बोलणारा मोठ्या प्रश्नांची तयारी करून येतो आणि अडतो तो अशा बारीकशा प्रश्नाला, हे मी नोकरीत अनेकदा पाहिलं. शेवटी तो म्हणाला, "मॅनेजरसाहेब बोलले होते, अंगावर उडू देऊ नको."

टँकर ज्या कारखान्याचा, त्याचा मालक वकिलाला घेऊनच आला. शांतपणे म्हणाला, "कारखान्याचं सगळं मॅनेजर बघतात. मला यातलं काही माहीत नाही."

मॅनेजर मूळचे साताऱ्याकडचे, जुईनगरला फ्लॅटमध्ये राहणारे. मालकाचा जबाब मी त्यांना सांगितला. ते उठलेच, "चला, दाखवतो."

कारखान्याच्या मागे सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्या होत्या. कोरड्या ठणठणीत. आत मोडक्या खुर्च्या आणि फाटकी पोती टाकलेली.

"ऑर्डरी वाढल्या, हा सांडपाण्याचा प्लांट अपुरा पडायला लागला. मोठा करा म्हणालो, तर पुढच्या वर्षी बघू म्हणाले. मग टाक्या बंद आणि टँकर सुरू. मीही मान डोलावली, साहेब. घराचे हप्ते चालू होते."

पंचनामा केला आणि मालक, मॅनेजर दोघांनाही अटक केली. प्रदूषण मंडळाचा कारखाना बंद करण्याचा आदेश निघाला. मालकाला जामीन मिळाला. जामिनाच्या अटीप्रमाणे ठाण्यात हजेरी लावायला आला की सही करताना म्हणायचा, "दंड भरू आणि मशीन सुरू करू." त्याच्या चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नसायचा. ते मला फार लागलं.

आणि अडचण वेगळ्याच बाजूने आली. कामगार ठाण्यावर आले. पॅकिंगमधली एक बाई म्हणाली, "साहेब, खाडी साफ व्हायला पायजे, पण आमची चूलपण पेटली पायजे ना?" तिकडे गावकरी गेट अडवायच्या तयारीत होते. दोन्ही जमाव गेटवर भिडले असते तर डोकी फुटली असती.

मी दोघांच्या चार-चार माणसांना ठाण्यात समोरासमोर बसवलं. सुरुवातीला नुसती वादावादी झाली. मग नाव लपवा म्हणणारे तेच गृहस्थ सगळ्यांदेखत उभे राहिले. "माज्या जागेत आता यांची गाडी उभी रानार नाय. भाडं गेलं तरी चालंल. पन कंपनी बंद करा असं आमी बोलत नाय. टाक्या चालू करा." कामगारांनीही तीच मागणी उचलली.

दरम्यान बातमी छापून आली होती. कारखान्याचा बहुतेक माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीची माणसं येऊन गेली आणि सांगून गेली की सांडपाण्याचा प्लांट चालू झाल्याशिवाय ऑर्डर मिळणार नाही. त्याच संध्याकाळी मालक पहिल्यांदाच वकिलाशिवाय आला. चेहरा उतरलेला.

"साहेब, तुम्ही त्या कंपनीच्या माणसांना दोन शब्द सांगा."

"मी पोलीस आहे, तुमचा सेल्समन नाही. त्यांना चालू टाकी दाखवा."

प्लांट नव्याने, मोठा बांधला गेला. दर महिन्याला गावातले आणि कामगारांतले दोघे-दोघे तो बघायला जाऊ लागले. कारखाना उघडला, जुनं गिऱ्हाईक हळूहळू परतलं. पुढे तोच प्लांट बघून एक नवं गिऱ्हाईकही मिळालं. खाडी काही लगेच सुधारली नाही. मी निवृत्त झालो तेव्हा खटलाही चालूच होता.

या प्रकरणानंतर, निवृत्त होईपर्यंत, असा गुन्हा आला की मी हाताखालच्या अधिकाऱ्यांना सांगायचो, तपासात तसूभर ढिलाई नको, पण मालक कोणाकोणाचं ऐकतो, तेही शोधा. कारण आम्ही अटक केली त्या दिवशी या मालकाने चांगला वकील शोधला होता. गाव, कामगार आणि गिऱ्हाईक एकाच मागणीवर ठाम राहिले, तेव्हा त्याने चांगला इंजिनियर शोधला.