बादलीतली दुर्बीण

नळवाल्या काकांना घाणीची किळस नाही. तुंबलेल्या मोरीत कोपरापर्यंत हात घालून ते जेवणाच्या गोष्टी करतात. अशाच एका मोरीपाशी आमची मैत्री झाली. मी साहित्याचा पदवीधर, बिनकामाचा. ते मला कविराज म्हणतात. मी एकही कविता लिहिलेली नाही. त्यांच्या दोन जणांच्या कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या नावेत, पुढच्या जागेवर मी बसतो.

त्यांची लेक खाडीत नवशिक्यांना कयाक शिकवते. रविवारी सकाळी ती सगळ्यांच्या पुढे, मध्ये शिकणारे आणि शेवटी काका. शेवटच्या नावेचं काम एकच. कोण उलटलं, कोण भरकटलं, ते दुर्बिणीतून बघायचं.

ती दुर्बीण काकांनी स्वतःच्या हाताने वाया घालवली. पाणी शिरायला नको म्हणून त्यांनी तिचा सांधा न सांधा सिलिकॉनने बंद केला, नळाचा करतात तसा. तेही ऐन दमट हवेत. आतला ओलावा आतच कोंडला. मागच्या रविवारी काचा आतून धुरकटल्या होत्या. दूर एक लाल ठिपका दिसला. काका म्हणाले, "बोया आहे." तो खुणेचा तरंगता बोया नव्हता. उलटलेल्या कयाकला लटकलेली बाई होती. लेकीने तिला गाठलं म्हणून वाचली.

लेक ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, रविवारच्या आत धड दुर्बीण आणा. नाहीतर तुम्ही किनाऱ्यावर बसा."

काकू गेल्यापासून या माणसाचा आठवडा रविवारसाठीच उजाडतो. किनारा म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळलं.

शनिवारी आम्ही जावयाच्या दुकानात गेलो. खेळाच्या सामानाचं दुकान. लेक फळीवर माल लावत होती. जावयाने काउंटरवर भलीमोठी दुर्बीण ठेवली.

"बारा पट, बाबा! समोरच्या गच्चीवरचे चिमटे मोजा."

काका फरशीवर पाय पसरून बसले आणि दुर्बीण डोळ्यांना लावून डावीउजवीकडे डुलू लागले. गिऱ्हाइकं थबकली.

"जावईबापू, चिमटे कसले, अख्खी गच्ची नाचतेय. नाव काय तुमच्या काउंटरसारखी स्थिर असते? सात पटीची दाखवा. ओल्या हातातून निसटणार नाही अशी."

सात पटीची निघाली. अंगाला जाड रबर. काकांच्या हाताला ती आवडली. डब्यावर चंदेरी स्टिकर होता : वॉटरप्रूफ.

"आत कोरडा वायू भरलाय ना? काचा आतून धुरकटणार नाहीत?"

"सगळं भरलंय, बाबा. पाण्यात टाका, आगीत टाका."

"आग राहू द्या."

कोपऱ्यात फरशी पुसायची बादली होती. काकांनी ती विसळून भरून आणली आणि दुर्बीण आत सोडली. जावई "अहो, अहो" करेपर्यंत बुडबुडे सुरू झाले. काकांनी ती वर काढली. काचेमागे पाणी डुचमळत होतं.

जावई हसला. "वॉटरप्रूफ म्हणजे शिंतोड्यापुरतं हो. स्टिकर आम्हीच मारतो. सगळेच मारतात. गिऱ्हाइकाला बरं वाटतं."

चोरी पकडली गेल्यासारखा तो हसला नाही. घरच्या माणसाला धंद्यातली गंमत सांगावी, तसा हसला.

काकांची नजर त्याच्या मागे गेली. तिथे लाइफ जॅकेटं टांगली होती. प्रत्येकावर तोच चंदेरी स्टिकर. लेकीकडची सगळी जॅकेटं इथलीच. घरचं दुकान असताना बाहेर कशाला, असा आग्रह काकांचाच.

"ते एक खाली काढ."

लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी जावयाला अरेतुरे केलं होतं. तो हलला नाही. लेकीने काढलं. बादलीत ते मावेना, म्हणून तिने मागच्या मोरीतला टब भरला आणि जॅकेट दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबून धरलं. मग सोडलं. ते अर्धवट वर आलं, कललं आणि सावकाश तळाला बसलं.

काकांनी शिवण उसवली. आतून पिवळा, कुबट वासाचा स्पंजचा चुरा बाहेर आला. जुन्या उशीतला असावा. काकांनी हात झटकला.

"शी!"

हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"असलंच घालून ती बाई पाण्यात होती," लेक म्हणाली.

"अगं, एखादा माल निघतो खराब," जावई म्हणाला. "उद्याचं उरकून घे. सोमवारी बदलून देतो."

उरकून घे. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.

लेकीने ओले हात ओढणीला पुसले आणि फोन काढला. दुकानाच्या मधोमध उभी राहून ती एकेका शिकणाऱ्याला सांगू लागली, "उद्या कोणी पाण्यात उतरायचं नाही. जॅकेटं बुडतात. हो, माझ्याच नवऱ्याच्या दुकानातली." जावई "हळू बोल, हळू बोल" करत तिच्यामागे फिरत होता. गिऱ्हाइकं हातातल्या वस्तू खाली ठेवत होती.

काकांनी काउंटरवरची कात्री उचलली आणि टांगलेल्या जॅकेटांचे पट्टे कापायला लागले.

"बाबा! माल आहे तो माझा!"

"तुमच्यावर थुंकायचं होतं, जावईबापू. लेकीचं दुकान म्हणून नुसते पट्टे कापतोय."

पट्टे जाड होते, कात्री बोथट. मी पुढे झालो आणि जॅकेट ताणून धरलं.