मागं काय आहे, ते विष्णू पाहायचा

बावीस वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून घरी आलो आणि चार वर्षांनी माझी पुन्हा पोस्टिंग निघाली. या वेळी ठाणं होतं रशीदभाईंच्या हरभऱ्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध. हत्यार स्वतःचं, वर्दी म्हणजे स्वेटर आणि कानटोपी, आणि शत्रू चार पायांचा.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, सुलतानपूर आणि बीबीच्या मध्ये, डांबरी रस्त्यापासून दोन किलोमीटर आत. गेल्या हिवाळ्यात शिवारात रोह्यांचा कळप उतरला. रोही म्हणजे नीलगाय. बाहेरचे लोक त्याचे फोटो काढतात, आमच्याकडं तो दिसला की डबे वाजवतात. कळपात एक काळा नर होता, घोड्याएवढा. त्यानं रशीदभाईंचं तारेचं कुंपण दोनदा पाडलं आणि आठ दिवसांत दीड एकर हरभऱ्याचे शेंडे साफ केले. रशीदभाई माझे शेतशेजारी, धुऱ्याला धुरा लागून. वयानं माझ्याहून दहा वर्षं मोठे. गावात शिलाईचं दुकान, आणि सकाळ-संध्याकाळ शेत. ते एके दिवशी माझ्या अंगणात येऊन बसले.

"हवालदारसाब, बॉर्डरवर एवढा नेम होता म्हन्ता. हा एक रोही होत नाही का तुमच्यानं?"

खरं सांगतो, असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी पलटणीचा निशाणेबाज होतो. नेमबाजीचे सहा कप घरात आहेत, आणि आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी दिसतील असे समोरच्या कपाटात मीच ते मांडलेत. दुसऱ्या दिवशी वनखात्याकडं अर्ज केला. पंचनामा झाला, आणि त्या एका नराला मारायचा परवाना आला. रिटायर झाल्यावर काही दिवस चिखलीत सिक्युरिटीला होतो, तेव्हाची लायसनची रायफल होती. तिच्यावर हौसेनं स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, बसवून घेतला होता.

आदल्या संध्याकाळी पंचायतीच्या भोंग्यावरून सांगण्यात आलं की सकाळी सातपर्यंत नाल्याच्या अंगाला कोणी जायचं नाही. वनरक्षक ताईंनी मला विचारलं, "सोबत एक माणूस घेता का, दादा?" मी म्हणालो, "गरज नाही." हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढं जे झालं त्याची सुरुवात तिथं आहे.

कारण फौजेत मी एकट्यानं कधी गोळी चालवली नव्हती. लोकांना वाटतं, निशाणेबाज म्हणजे एक माणूस आणि एक रायफल. तसं नसतं. दोघांची जोडी असते. एक नेम धरतो, दुसरा त्याच्या शेजारी दुर्बीण घेऊन पडतो. त्याला स्पॉटर म्हणतात. माझा स्पॉटर होता लान्स नायक विष्णू. चिखली तालुक्यातला, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पलटणीत बुलढाण्याचे आम्ही दोघंच, म्हणून ड्यूटीवर सुद्धा आमची भाषा गावाकडचीच. बाकीचे हसायचे. विष्णू म्हणायचा, "हसू द्या ना बे. दुश्मनानं सेट ऐकला तरी त्याले घंटा समजत नाही."

आमची एक पद्धत होती. गोळी सोडण्याआधी मी तीन प्रश्न विचारायचो आणि तो तीन उत्तरं द्यायचा.

"अंतर?"

"चारशे वीस."

"वारा?"

"डावीकून, हलका."

"मागं?"

"मोकळं."

मग तो माझ्या पोटरीवर हात दाबून म्हणायचा, "मार." त्याचं "मार" आल्याशिवाय माझं बोट हलायचं नाही. सहा कपांवर नाव माझं एकट्याचं आहे. त्या गोळ्या मात्र आमच्या दोघांच्या होत्या. हे तेव्हाही मला माहीत होतं. कपाटासमोर उभं राहिलं की विसरायला व्हायचं, एवढंच.

अकरा वर्षांपूर्वी, ऑक्टोबर महिना, काश्मीर. आमची जोडी दोन दिवस एका कड्यावर पडून होती. समोरच्या उतारावर मेंढपाळांची एक दगडामातीची झोपडी. आत अतिरेकी असल्याची खबर पक्की होती. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी माणूस बाहेर आला. खांद्याला रायफल. तोंडाची ओळख पटली. सेटवर कंपनी कमांडरचा आवाज आला.

"टार्गेट ओळखलं? ओव्हर."

"ओळखलं. ओव्हर."

"परवानगी आहे. आउट."

मी पहिला प्रश्न विचारला, उत्तर आलं. दुसरा विचारला, उत्तर आलं. तिसरा विचारला.

"रुक," विष्णू म्हणाला. "मागं बाई हाय. बादली घेऊन."

माझ्या स्कोपमध्ये बाई नव्हती. माणसाची छाती होती, स्कोपचा क्रॉस त्या छातीवर बसला होता, आणि बाकी दगड. मी म्हणालो, "कुठं बाई? मले दिसत नाही." तो म्हणाला, "मले दिसते. रुक." त्याचा हात माझ्या पोटरीवर नव्हता, मनगटावर होता. पाच सेकंद गेले असतील. माणूस झोपडीच्या कोपऱ्याआड गेला आणि पुन्हा दिसला नाही. त्या दिवशी मी विष्णूशी बोललो नाही. जेवणाचा डबा त्यानं पुढं केला, तो मी घेतला आणि तोंड फिरवून खाल्ला.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी नऊ चाळीसला खालच्या नाल्यात आमच्या गस्तीच्या तुकडीवर फायर आलं. विष्णू पुढून तिसरा होता. गळ्याखाली लागली. मी त्याच्यापर्यंत पोहोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. मी हातानं दाबून धरलं, तरी रक्त थांबलं नाही. हेलिकॉप्टरला बावीस मिनिटं लागली. तो अकराव्या मिनिटाला गेला.  बोलता येत नव्हतं त्याला.

फायर करणारा तोच झोपडीतला माणूस होता का, हे कोणालाच माहीत नाही. तपासातही निघालं नाही. मी मात्र ठरवून टाकलं की तोच होता. आणि मला बाई दिसली नाही म्हणजे बाई नव्हतीच, हेही ठरवून टाकलं. विष्णूनं उगाच थांबवलं, आणि त्याची किंमत त्यानंच मोजली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण विष्णूच्या तेरवीला मी त्याच्या गावी गेलो. त्याचे वडील, त्यांना मी बाबाच म्हणतो, मला गोठ्याकडं घेऊन गेले. विचारलं, "कसं झालं, ते खरं सांग." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणालो, "बाबा, दोन दिवस आधी तो माणूस माह्या नेमात होता. विष्णूनं मले थांबवलं. म्हणे मागं बाई हाय. बाई नव्हती. तवा मारू दिलं असतं तर आज तो जिता असता."

 बाबा म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मी निघून आलो आणि नंतर अकरा वर्षं त्या घरी गेलो नाही. लग्नाच्या पत्रिका आल्या, विष्णूच्या नावानं शाळेत झाड लावलं तेव्हा निरोप आला. मी प्रत्येक वेळी काहीतरी काम काढलं.

आता त्या रोह्याकडं येतो.

पहाटे साडेपाचला नाल्यात उतरलो. मूठभर धूळ सोडून वारा पाहिला. तोंडावर येत होता, म्हणजे माझा वास मागं जाणार, ठीक. तीनशे पावलं वाकून आणि शेवटची चाळीस पोटावर गेलो. गुडघे ओरडत होते, पण अंग सगळं विसरत नाही. सहा वाजून वीस मिनिटांनी धुक्यातून नर हरभऱ्यात दिसला. आडवा उभा. त्याच्या पलीकडं पुरुषभर उंचीची तूर. मी नाल्याच्या काठाला कोपर टेकलं आणि स्कोपला डोळा लावला.

अंतर, मीच मला विचारलं. दोनशे. वारा. समोरून, हलका.

आणि गोळी सोडली.

तिसरा प्रश्न मी विचारलाच नाही. विसरलो असं म्हणणंही खोटं होईल. ते पाहायचं काम माझं कधी नव्हतंच, म्हणून ते मला सुचलं नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

नेमही चुकला. धुक्यात वस्तू लांब वाटते हे रिक्रूटला सुद्धा माहीत असतं. नंतर मी पावलं मोजली, अंतर एकशे पस्तीस होतं. गोळी नराच्या पाठीवरून गेली. त्यानं एक उडी मारली आणि कळप घेऊन टेकडीकडं पळाला. त्याच क्षणी तुरीच्या पलीकडून टणकन आवाज आला. पत्र्याचा. आणि मागोमाग माणसाचा.

"या अल्लाह."

मी रायफल रिकामी केली, खाली ठेवली आणि धावलो. तुरीतून पलीकडं निघालो तर विहिरीजवळ रशीदभाई उभे. मोटरच्या स्टार्टरची पत्र्याची पेटी खांबावर असते, तिला आरपार भोक पडलं होतं. त्यांचा हात अजून हवेतच होता, पेटीपासून वीतभर.

"तुम्ही इथं काऊन आले?" मी ओरडलो. दुसरं काही सुचलं नाही.

"लाईट आली ना, साब. सहा वाजता थ्री फेज आली. म्हटलं मोटर टाकतो अन् दोन मिनिटांत जातो."

 मी तिथंच ओल्या सरीत बसलो.   रशीदभाईंनी विहिरीवरच्या डब्यातून पाणी आणून दिलं. ज्याच्यावर गोळी गेली तो पाणी पाजतोय आणि ज्यानं सोडली तो पितोय, असा तो मामला.

"तुमच्यापेक्षा रोही बरा, हवालदारसाब," ते म्हणाले. "तो निस्ता हरभरा खाते." त्यांना हसायचं होतं, पण ओठ नीट हलत नव्हते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मी दिसलोच नाही का तुम्हाले?"

"नाही."

"मी तर उभाच होतो."

ही चार शब्दांची गोष्ट ऐकून मी रशीदभाईंच्या तोंडाकडं पाहत राहिलो. हा जिताजागता माणूस, सहा फुटांचा, माझ्या गोळीच्या रेषेत उभा होता आणि माझ्या स्कोपमध्ये तो नव्हता. मग ती बादलीवाली बाई मला कशी दिसणार होती? विष्णू माझ्या डावीकडं, दोन हात वर, खडकावर पडला होता. त्याला कोपऱ्याच्या पलीकडचं दिसत होतं. मला फक्त माझ्या वर्तुळातलं दिसत होतं, आणि अकरा वर्षं मी त्या वर्तुळालाच सगळं जग समजलो. मी त्या सरीत बसून रडलो. रशीदभाईंना वाटलं, त्यांच्यासाठी रडतोय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी सांगितलं नाही.

वनरक्षक ताईंना जे झालं ते तिथूनच फोनवर सांगितलं. पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःच्या हातानं जबाब लिहिला, परवाना परत केला, रायफल जमा केली. रशीदभाई म्हणाले, एवढं कशाला. मी म्हणालो, लागतं. स्टार्टरची नवी पेटी मी बसवून दिली. जुनी त्यांनी दुकानात टांगलीय. गिऱ्हाइकाच्या पँटीचं माप घेता घेता तिची गोष्ट सांगतात आणि माझ्या डोळ्यांदेखत सांगतात. सांगू देत.

चौथ्या दिवशी बीबीहून गाडी धरली, चिखलीला उतरलो आणि जीपनं विष्णूच्या गावी गेलो. सकाळचे अकरा वाजले होते. बाबा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होते. आता पाठ वाकलीय. मला पाहून त्यांनी बाजूला सरकून जागा केली, एवढंच. अकरा वर्षं कुठं होतास, असं विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी बसलो. रशीदभाईंचं सगळं सांगितलं. पेटी, भोक, वीतभर अंतर. मग म्हणालो, "बाबा, तवा मी तुम्हाले म्हटलं होतं की बाई नव्हती."

"हाव," ते म्हणाले. शेंगा सोलणारा हात थांबला होता.

"बाई होती. मले दिसली नाही, विष्णूले दिसली. मी गोळी सोडली असती तर ती बाई गेली असती. त्यानं बरोबर केलं. मी तुम्हाले खोटं बोल्लो. खोटं हाय हे मलेच माहीत नव्हतं, पण बोल्लो."

त्यांनी हातातली शेंग टोपलीत टाकली. मग म्हणाले, "म्हंजे माह्या पोराच्या हातून चूक नाही झाली."

"नाही, बाबा. चूक माही होती."

"मी अकरा वर्षं हेच घेऊन बसलो होतो पाह्य. की पोट्टं आपल्याच चुकीनं गेलं." त्यांनी बाहीनं डोळे पुसले. राग आला असता तर मी मान खाली घालून ऐकून घेतला असता. राग नव्हता. उलट त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

आतून भांड्यांचा आवाज येत होता. विष्णूची आई चहा ठेवत होती. मी विचारलं, "मायले काय माहीत हाय?"

"तिले काही नाही सांगतलं. तू तवा जे बोल्ला ते माह्यापाशीच ठेवलं. तिनं कशाले झुरावं?" बाबा आवाज खाली आणून म्हणाले, "आता ते पहिलं नोको सांगू. हे दुसरं तेवढं सांग. अन् मी इथं हाय तवर सांग, मलेबी अजून एकदा ऐकू दे."

माय चहाचे कप घेऊन बाहेर आली. मला ओळखायला तिला थोडा वेळ लागला. ती समोर बसल्यावर मी कप खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. "माय, एका दिवशी दुपारी दोन वाजता विष्णूनं एका बाईचा जीव वाचवला. ती बादली घेऊन चालली होती."