शंभर पिलांचा दंड

माघातली द्वितीया, सन १९३१. दंड ठरला तो जिताड्याच्या शंभर जिवंत पिलांचा. हजर होते आमच्या गावचे पाटील, त्यांचे होणारे व्याही, तीन पंच, मी आणि माझी चुलती. यांतले पहिले पाच जण अजून पानावरून उठले नव्हते. त्यांचे हात खरकटेच होते.

चुलतीला गाव मापकाकी म्हणे. गावच्या गोड्या तळ्याची राखण तिच्याकडे होती. तळ्याकाठच्या करंजाला एक काठी टांगलेली असे, एक हात आणि चार बोटे लांब. जिताडा पकडला की काठीला लावायचा; भरला तर घरी न्यायचा, नाही तर पाण्यात सोडायचा. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तळे खुले व्हायचे, त्याआधी कोणी जाळे भिजवायचे नाही, आणि त्या दिवशीही घरटी एकच मासा. नियम जुने होते आणि त्यांचे कारण साधे होते. गोड्या पाण्यात जिताडा वाढतो, पण त्याची वीण तिथे होत नाही. पावसाळ्यात खाडीच्या बांधाशी भरतीबरोबर पिले येतात, ती मडक्यांतून आणून तळ्यात सोडायची आणि दोन-तीन वर्षे वाट पाहायची. जेवढी सोडू त्याहून एकही जास्त होणार नाही. म्हणून तळ्यातल्या चोरीचा दंड पैशांत नसे, पिलांत असे. आणि ती चोराने स्वतःच्या डोक्यावरून, भर गावातून आणायची.

काकीच्या मापात नाते बसत नसे. एका वर्षी माझ्या वडिलांनी फेकलेल्या पागाच्या जाळ्यात जो जिताडा आला तो काठीला जरासा उणा पडला. घरी माझी बहीण बाळंतपणाला आलेली. वडील म्हणाले, "वयनी, नखभर तर कमी हाय."

"मंग नखभर वाढू दे," असे म्हणून तिने मासा पाण्यात टाकला. काठावरची माणसे हसली. वडील दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत आणि तिला ते कळलेही नसावे.

दुपारी जेवणे झाली की ती आळीतून हिंडायची आणि घरामागच्या उकिरड्यांवर नजर टाकायची. मधला काटा दिसला की उचलून हाताशी लावून बघायची. बायका तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत की मांजराला वास लागला. ती थांबून उत्तर द्यायची, "मांजर खातं गं. मी मोजते."

ही करडी राखण तळ्याच्या मायेपोटी होती असे पुष्कळांना वाटते. तसे नव्हते, आणि हे मी नीट सांगितले पाहिजे. अलीकडे पाटलाच्या मुलांनी तळ्याच्या काठी एक दगड बसवला आहे. त्यावर कोरले आहे की कैलासवासी पाटलांनी स्वतः श्रम करून तळ्यात मासे सोडले. सोडले हे खरे. का सोडले ते दगडावर नाही, म्हणून मी इथे लिहितो.

तळ्याची राखण आधी माझ्या काकांकडे, महादूकडे होती. पाटलाला ती आपल्या मेव्हण्याला द्यायची होती. १९२२ च्या पावसाच्या तोंडाला काकांच्या टोपलीत एक आखूड जिताडा सापडला. सापडला म्हणजे पाटलाच्या माणसांनी काढून दाखवला. त्या माशाच्या जबड्यात गळाची जखम होती. काका जन्मभर पाग टाकत आले. गळ लावून बसणारा गावात एकच माणूस होता, तो पाटलाचा मेव्हणा. जखम पंचांनी पाहिली आणि दंड काकांना ठोठावला. आधीच छातीने अधू असलेले काका पावसात मडकी डोक्यावर घेऊन खाडी ते तळे हेलपाटे घालत राहिले आणि पाटील आपल्या ओटीवरून बघत राहिला. शंभर पिले पुरी झाली आणि काका तापाने अंथरुणाला खिळले. श्रावण त्यांनी पाहिला नाही.

काकी तेराव्यानंतर पंचांपुढे गेली. रड नाही, शिव्या नाहीत. तिने राखण मागितली. मेव्हण्याला द्यायला पंच त्या वेळी जरा बिचकत होते, आणि पाटलाला वाटले की विधवा बाई आहे, वाकवू तशी वाकेल. त्याने होकार दिला. आयुष्यात त्याने केलेली ही सर्वांत मोठी चूक.

पुढे नऊ वर्षे पाटलाचा मासा ती दोनदा मोजत असे. एकदा काठीला लावायची, मग काठी पदराने पुसून पुन्हा लावायची. रांग मागे खोळंबलेली आणि पाटील उन्हात उभा. ती त्याचे नाव कधी घेत नसे, "वरच्या आळीचा" म्हणे. एकदा तो चिडून म्हणाला, "बाय, माझ्याच माशावर एवढा डोळा का गो?" तिने मान वर न करता सांगितले, "डोला माशावर न्हाय." त्या दिवसापासून पाटील काठीला घाबरू लागला. मासा तिच्यापुढे न्यायच्या आधी पाण्यातच वितीने मोजून बघे असे त्याचे गडी सांगत.

त्या माघात पाटलाच्या मुलीला बघायला पोयनाडकडचे पाहुणे यायचे होते. आमच्या भागात मोठ्या पाहुण्याच्या पानात जिताड्याचे डोके वाढले नाही तर यजमानाची किंमत उतरते. खाडीत त्या दिवसांत मासा मिळत नव्हता. काकीने हे सगळे ओळखले आणि चार घरी सांगून ठेवले की यंदा माघी चतुर्थीला आपण पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला चाललो. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी गाठोडे घेऊन सर्वांदेखत निघालीही. ती पोचली ती बांधापलीकडच्या मिठागरापर्यंत. तिथे मी हिशेबनीस होतो. माझ्या झोपडीत ती गाठोड्यावर बसून राहिली.

सकाळी एका मिठागऱ्याने येऊन सांगितले की पाटलाचा गडी पाग घेऊन तळ्याकडे गेला आणि मागून पाटील गेला. मी काकीला म्हणालो की लगेच ऊठ, अजून मासा वाचेल.

ती म्हणाली, "मासा वाचवायला मी नव वर्सं न्हाय बसले रे."

पंगत बसल्यावर आम्ही दोघे पाटलाच्या ओटीवर गेलो. पाटलाचा चेहरा उतरला, पण तो सावरला आणि पाहुण्यांना मोठ्याने सांगू लागला की जिताडा खाडीचा आहे, पहाटे रेवदंड्याहून आणवला. काकीने ते ऐकून घेतले. मग व्याह्यांकडे वळून अगदी मायेने म्हणाली, "पावनं, सावकाश जेवा. माझं काम काट्याशी हाय."

ती एकेका पानापाशी गेली आणि ज्याने-त्याने चोखलेला मधला काटा तिच्या हातावर ठेवला, व्याह्यांनी डोक्याचे हाडसुद्धा दिले. एका पंचाने काटा देताना डोळे चुकवले. त्याला ती म्हणाली, "तुमच्या पोटात गेलं त्ये मी न्हाय मोजत." सगळे तुकडे तिने जमिनीवर ओळीने मांडले, आपला हात आणि चार बोटे लावली आणि पाटलाकडे पाहून म्हणाली, "चार बोटं उना."

"उना?" पाटील पानावरून अर्धा उठला. "भर माप हाय. काठीला लावून मीच बघितलाय."

मापाची काठी गावात एकच होती आणि ती तळ्यावरच्या करंजाला टांगलेली होती. हे पंगतीत सर्वांना एकदमच आठवले असावे. नऊ वर्षांच्या धाकाने चोरी करतानाही त्याच्या हाताने मासा मापाला लावला होता, आणि त्याच तोंडाने ते आता सांगून टाकले होते.

काकीने काटे गोळा केले. "व्हय, भर माप हाय," ती म्हणाली. "मला दिसत व्हतं."

पंचांनी दंड ठरवला. पाटलाने रुपये पुढे केले. दहा, मग पंचवीस. पंच पाघळू लागले होते, पण व्याही हात धुऊन आले आणि म्हणाले, "पाटील, आमच्या गावात पण तळं हाय. दंड भरा, मग तारीख धरू." मुलीचे लग्न त्या पिलांना बांधले गेले.

काकीने पंचांकडे एकच मागणी केली. महादूने शंभर पिले भरली होती, ती त्याच्याकडे लागत नव्हती. म्हणजे गावाकडे त्याचे तेवढे येणे निघते. तेव्हा हा दंड तळ्याच्या नावे न घेता महादूच्या नावे घ्यावा. जबड्यातल्या जखमेचा विषय तिने काढला नाही. पंचांनाच तो आठवला असावा, कारण त्यांनी मागणी मुकाट मान्य केली.

आषाढात पाटलाने आधी गड्याबरोबर मडकी पाठवली. काकीने ती तशीच खाडीवर परत धाडली. मग तो स्वतः आला, डोक्यावर चुंबळ, गुडघ्यापर्यंत चिखल. ती करंजाखाली इरले घेऊन बसलेली. मडक्यात हात घालून ती एकेक पिलू ओंजळीत घेई, हललेले मोजी, मेलेले त्याच्या पायाशी टाकी. प्रत्येक खेपेला विचारी, "कोनाला दिलं?" पहिल्या दिवशी तो बोलला नाही, तेव्हा तिने मडके धरलेच नाही; पावसात तो ते डोक्यावर घेऊन उभा राहिला. शेवटी पुटपुटला, "महादूला."

"गावाला ऐकू गेलं न्हाय."

त्याने मोठ्याने सांगितले. पुढे प्रत्येक खेपेला सांगितले.

पिले पुरी झाली त्या संध्याकाळी काकीने राखण सोडली. पंच विनवायला आले, आता तळ्याचे कसे होणार म्हणाले. ती म्हणाली की तळे तुमचे आहे, तुम्ही मोजा. त्यानंतर ती सात वर्षे जगली; तळ्याकडे फिरकली नाही आणि जिताडा तिने तोंडातही घातला नाही. दगडावर माझे चालले असते तर मी एवढेच कोरले असते: भरली, जिताड्याची शंभर जिवंत पिले. भरणार, पाटील, स्वतःच्या डोक्यावरून. पावली, महादू राखणदार, मयत, यास.